शाजापूरचे खासदार, ‘फिल्मइंडिया’चे संपादक : बाबूराव पटेल



आपल्या इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने देवास आणि मक्सी ओलांडले की शाजापूर येते. बँकेत असताना माझी एक बदली त्या भागात झाली होती. शाखेत येणाऱ्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी मराठी असल्याचे कळले. तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांचा एक खासदारही मुंबईचा मराठी माणूस होता आणि तो सिनेमाचे मासिक काढायचा. घरी येऊन वडिलांना विचारले. नाव ऐकताच ते हसले. तरुणपणी त्यांनी वाचनालयात रांग लावून ते मासिक वाचले होते. ते खासदार म्हणजे बाबूराव पटेल.

बाबूरावांचा जन्म १९०४ साली पालघरजवळच्या मासवण गावी झाला. मूळ आडनाव पाटील. शालेय शिक्षण अर्धवट राहिले, पण वाचनाच्या जोरावर त्यांनी इंग्रजीवर असा हात बसवला की भले भले पदवीधर त्यांची भाषा वाचून चकित होत. सुरुवातीला त्यांनी ‘सिनेमा समाचार’ या पत्रात लिहिले. मूकपटांच्या अखेरच्या काळात आणि बोलपट आल्यावर काही चित्रपटही काढले, पण दिग्दर्शक म्हणून नाव झाले नाही.

नाव झाले ते १९३५ पासून. न्यू जॅक प्रिंटिंग प्रेसचे डी. एन. पारकर यांच्या साथीने त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. तोवर सिनेमावर छापून येणारा मजकूर बहुतेक जाहिरातीच्याच थाटाचा असे. बाबूरावांनी ती रीत मोडली. चित्रपट वाईट असेल तर निर्माता कितीही मोठा असो, ते वाभाडे काढत. एस. एम. पंडितांसारख्या चित्रकाराची रंगीत मुखपृष्ठे आणि वाचकांच्या प्रश्नांना संपादकांची खुसखुशीत, बोचरी उत्तरे यामुळे अंकाची वाट पाहिली जाई. लाहोर-कराचीपर्यंत त्याचे वाचक होते.

परदेशी कंपन्यांनी हिंदुस्थानची बदनामी करणारे चित्रपट काढले, तेव्हाही ते गप्प बसले नाहीत. ‘द ड्रम’ या चित्रपटाविरुद्ध १९३८ मध्ये मुंबईत निदर्शने झाली. पाठोपाठ ‘गंगा दीन’ आला. दोन्ही वेळा ‘फिल्मइंडिया’ने जोरदार आवाज उठवला. इंग्रजांचे राज्य असताना इंग्रजीतून असे लिहायला छाती लागते.

पण या लेखणीला लगाम नव्हता. टीका कामावरून माणसावर, त्याच्या रूपावर आणि खाजगी आयुष्यावर जाई. शांता आपटे आपल्याविषयीचा मजकूर वाचून इतक्या संतापल्या की छडी घेऊन थेट त्यांच्या कचेरीत गेल्या आणि त्यांना चोप दिला, अशी हकिकत जुने लोक सांगत. सिनेसृष्टीत अनेकांना या हकिकतीने मनातून बरेच वाटले असणार.

१९४४ हे साल मला त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी ‘ज्वार भाटा’ प्रदर्शित झाला आणि त्यातला नवा नायक बाबूरावांनी पार निकालात काढला. तो नायक म्हणजे दिलीपकुमार. त्याच वर्षी बाबूरावांनी स्वतः ‘द्रौपदी’ दिग्दर्शित केला. नायिका सुशीलाराणी, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. ‘फिल्मइंडिया’तून या चित्रपटाचा गाजावाजा झाला, पण प्रेक्षकांनी तो उचलला नाही. १९४६ च्या ‘ग्वालन’चीही तीच गत झाली. बँकेत एक साधा नियम असतो : व्हाउचर करणाऱ्याने ते स्वतःच पास करायचे नाही. बाबूरावांनी नेमके तेच केले. दुसऱ्यांचे हिशेब इतक्या कडकपणे तपासणाऱ्या माणसाला स्वतःचा हिशेब मात्र तपासता आला नाही.

सुशीलाराणींचे मात्र वेगळे मोल आहे. मोगूबाई कुर्डीकर आणि सुंदराबाई जाधव यांच्याकडे शिकलेल्या त्या पक्क्या गायिका. मासिकाचा बराचसा मजकूर हे पती-पत्नी दोघे मिळून लिहीत. पुढे सुशीलाराणींना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. ‘फिल्मइंडिया’च्या यशात त्यांचा वाटा मोठा आहे आणि तो आपण विसरतो.

स्वातंत्र्यानंतर बाबूरावांचा ओढा राजकारणाकडे वाढला. १९६० च्या सुमारास ‘फिल्मइंडिया’ मागे पडून ‘मदर इंडिया’ हे मासिक पुढे आले आणि सिनेमाच्या जागी सरकारवरची टीका आली. मुसलमान समाजाबद्दल त्यांनी लिहिलेले बरेच काही आज वाचवत नाही. ते झाकून त्यांचे चरित्र सांगणे योग्य होणार नाही. १९६७ च्या निवडणुकीत जनसंघाच्या तिकिटावर ते आपल्या माळव्यातून, शाजापूरहून लोकसभेत गेले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज नट-नट्यांच्या बातम्या सर्वत्र आहेत, पण त्यातली जाहिरात कोणती आणि मत कोणते हे कळत नाही. बाबूराव चुकत, पुष्कळदा अन्यायही करत, पण वाचकाला दर महिन्याला एका माणसाचे स्पष्ट मत मिळे. ते पटले नाही तर त्याच संपादकाला पत्र लिहून भांडताही येई. वडील सांगत, अंक वाचून झाला की वाचनालयाच्या पायऱ्यांवर मित्रांचे वाद रंगत आणि निम्मे जण बाबूरावांच्या विरुद्ध असत.

सभासदांना एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर ‘फिल्मइंडिया’चे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका. आपल्या मंडळाच्या वाचनालयात आणून द्या. नव्या पिढीलाही एकदा वाचून वाद घालू द्या.