आपल्या खांद्याला बसेल ती बंदूक

एनसीसीच्या कॅम्पला गेलेल्यांना फायरिंगचा दिवस नक्की आठवत असेल. पालथं पडायचं, पॉइंट टू टू रायफलचा दस्ता खांद्यात घट्ट बसवायचा, श्वास रोखायचा आणि ट्रिगर अलगद दाबायचा. टार्गेट हातात आलं की सगळीकडे एकच चौकशी, ग्रुपिंग किती आलं? त्यातल्या एखाद्याला या खेळाचं वेड लागतं आणि मग पुढचा प्रश्न येतो. नेम बरोबर लागेल आणि खिशालाही परवडेल अशी रायफल कुठली? सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका मुलीला या प्रश्नाचं उत्तर शोधावंच लागलं होतं. आधी पोटासाठी आणि मग पोटापाण्याच्या धंद्यासाठी. तिचं नाव ॲनी ओकली.

भिंतीवरची बंदूक

ॲनीचा जन्म 1860 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डार्क काउंटीतला. खरं नाव फीबी ॲन. घर लाकडी ओंडक्यांचं, कमाई बेताची. ती पाच-सहा वर्षांची असताना हिमवादळात सापडून वडील आजारी पडले आणि 1866 मध्ये गेले. मागे आई आणि पोराबाळांनी भरलेलं घर. आठव्या वर्षी ॲनीनं शेगडीवर टांगलेली वडिलांची जुनी रायफल खाली काढली आणि पहिली शिकार केली. ती ठासणीची बंदूक. आधी दारू ओतायची, मग गोळी, मग गजानं ठासायचं. नेम चुकला, तर पुन्हा सगळं करेपर्यंत सावज पसार! त्यामुळे पहिलीच गोळी लागली पाहिजे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

पण तेवढ्यानं घर चालेना. नऊ-दहा वर्षांच्या ॲनीला आईनं काउंटीच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात धाडलं. तिथून एका शेतकरी कुटुंबानं तिला कामाला नेलं. तिथे मारझोड, उपासमार, बर्फात बाहेर उभं करणं, सगळं वाट्याला आलं. शेवटी ती पळाली. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही तिनं त्या लोकांचं नाव कधी उघड केलं नाही. आठवण निघाली की ती त्यांना फक्त लांडगे म्हणायची.

घरी परतल्यावर ॲनीनं पुन्हा बंदूक उचलली. ससे, तितर-बटेरं मारायची आणि ग्रीनव्हिलच्या दुकानदाराला विकायची. तिथून तो माल सिनसिनाटीच्या हॉटेलांत जाई. तिच्या मालाला मागणी असायची, कारण ती सावजाच्या डोक्यातच गोळी घालायची. मांस खराब होत नसे आणि गिऱ्हाइकाच्या दाताखाली छरे येत नसत. या कमाईतून पंधराव्या वर्षी तिनं आईच्या घरावरचं कर्ज फेडून टाकलं.

एका नेमानं हरलेला नवरा

फ्रँक बटलर हा त्या काळचा नावाजलेला नेमबाज. गावोगाव खेळ करायचा, पैजा लावायचा. सिनसिनाटीच्या एका हॉटेलवाल्यानं त्याच्यासमोर एक ‘अनोळखी खेळाडू’ उभा केला. समोर आली जेमतेम पाच फुटांची एक मुलगी! सामना 25 नेमांचा होता. फ्रँकचा एक नेम चुकला, ॲनीचा एकही नाही. फ्रँक पैज हरला आणि तिच्या प्रेमातही पडला. लग्न झालं. 1882 मध्ये फ्रँकचा जोडीदार आजारी पडला म्हणून ॲनी आयत्या वेळी स्टेजवर उभी राहिली, आणि लोकांना तिलाच बघायचं आहे हे फ्रँकला कळून चुकलं. मग तो बाजूला झाला आणि तिचं सगळं व्यवस्थापन बघू लागला. एकोणिसाव्या शतकातल्या नवऱ्यानं हे आपणहून केलं, हे विसरू नका.

1885 मध्ये दोघं बफेलो बिलच्या प्रसिद्ध ‘वाइल्ड वेस्ट’ खेळात दाखल झाले. पत्त्याच्या कडेवर नेम, फ्रँकच्या ओठांतल्या सिगारेटवर नेम, आरशात बघून पाठीमागे नेम. इथे चार बोटांची चूक म्हणजे नवऱ्याचा जीव.

लंडनचा धडा

1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्या सोहळ्यासाठी हा खेळ लंडनला गेला. शहर ॲनीवर फिदा झालं. पण तिथल्या शूटिंग ग्राउंडवर इंग्लंडच्या चपळ कबुतरांपुढे तिचा नेम सारखा चुकू लागला. ती तीच, डोळा तोच, सराव तोच. मग बिघडलं कुठे? चार्ल्स लँकेस्टर नावाच्या बंदूक बनवणाऱ्यानं ते ओळखलं. तिची शॉटगन तिच्या बांध्याला जड होती आणि दस्त्याचा बाक तिला जुळत नव्हता. त्यानं तिच्या मापानं हलक्या बंदुका घडवून दिल्या. शिंप्यानं कपडे शिवावेत तशा. नेम पुन्हा लागायला लागला.

हा धडा ती आयुष्यभर विसरली नाही. पुढे कितीतरी कंपन्यांच्या बंदुका तिच्या हातात आल्या, पण अमुकच कंपनी सगळ्यांत भारी असं म्हणणं तिला कोत्या मनाचं लक्षण वाटायचं. मात्र फालतू, स्वस्तातल्या बंदुकीमागे उभं राहून कुणी जीव धोक्यात घालू नये, हेही ती बजावून सांगायची. परवडणारी बंदूक आणि फालतू बंदूक यांतला फरक तिला नेमका ठाऊक होता.

पॉइंट टू टूची गंमत

आता त्या छोट्या काडतुसाकडे येऊ. पॉइंट टू टू हे ‘रिमफायर’ काडतूस. त्याच्या बुडाला जी बारीक कड असते, तिच्या आतच पेट घेणारा मसाला असतो. रायफलची पिन त्या कडेवर आपटली की बार होतो. वेगळी टोपी बसवायची भानगड नसल्यामुळे हे काडतूस बनवायला सोपं आणि म्हणून स्वस्त. धक्का जवळपास नाही, आवाजही बेताचा. त्यामुळे एकाच पैशात मोठ्या रायफलपेक्षा कितीतरी जास्त बार मारून सराव करता येतो. या काडतुसाचा ‘लाँग रायफल’ हा प्रकार 1887 मध्ये, म्हणजे ॲनी लंडनला होती त्याच वर्षी, अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीनं आणला. 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, ते याच जातीच्या काडतुसावर.

या छोट्या काडतुसांसाठी ॲनीनं वापरलेली एक रायफल म्हणजे मार्लिन कंपनीचं 1891 चं मॉडेल. खालचा लिव्हर ओढला की पुढचं काडतूस तयार. शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल अशी तिन्ही प्रकारची काडतुसं एकाच रायफलमध्ये चालायची. मिळेल ते, परवडेल ते भरा! 1893 मध्ये तिनं याच मॉडेलनं 36 फुटांवरून 27 सेकंदांत 25 गोळ्या झाडल्या. कार्डावर भोक पडलं एकच, कडा फाटलेलं. ग्रुपिंग म्हणजे काय, ते हे. रायफल अचूक आहे याचा अर्थ ती दर वेळी तेच करते. बाकीचं काम खांद्याचं, बोटाचं आणि श्वासाचं.

नावासाठीची लढाई

1901 मध्ये रेल्वे अपघातात ॲनीच्या पाठीला जबर मार बसला. त्यातून ती सावरत होती, तोच 1903 मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रानं छापलं की ॲनी ओकलीला कोकेनसाठी चोरी करताना पकडलं. पकडलेली बाई तोतया होती, पण बातमी देशभर पसरली. ॲनीनं 55 वृत्तपत्रांवर खटले भरले. वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि 54 खटल्यांत तिचीच सरशी झाली. भरपाई मिळाली त्याहून खर्च जास्त झाला. पण हिशेब पैशांचा नव्हताच. गरिबीतून कमावलेलं नाव ती कुणाला फुकट घेऊ देणार नव्हती.

उतारवयात तिनं हजारो बायकांना नेमबाजी शिकवली, बहुतेकींना एक पैसा न घेता. बाईला बंदूक हाताळता आली पाहिजे, हे तिचं ठाम मत. 1922 मध्ये मोटार अपघातानंतर पायाला लोखंडी पट्ट्या लागल्या, तरी ती पुन्हा मैदानात उतरली आणि नेम लावले. 3 नोव्हेंबर 1926 रोजी ग्रीनव्हिलमध्ये ती गेली. अठरा दिवसांनी फ्रँकही गेला.

आपल्याकडे पॉइंट टू टूसाठी शस्त्र परवाना लागतो, त्यामुळे उठून दुकानात जायचा प्रश्न नाही. त्याआधी रायफल क्लबमध्ये जा. तिथल्या दोन-चार रायफली हाताळा. दस्ता खांद्याला बसतो का, मान न ताणता डोळा साइटच्या रेषेत येतो का, वजन पेलून हात थरथरतो का, ते बघा. एकाच रायफलमधून वेगवेगळ्या काडतुसांचं ग्रुपिंग तपासा, कारण प्रत्येक नळीला मानवणारं काडतूस वेगळं असतं. आणि बजेट ठरवताना काडतुसांचे पैसे आधी बाजूला काढा. महागडी रायफल घेऊन सरावाला पैसे उरले नाहीत, तर ती भिंतीवरच टांगलेली राहील.