वाड्याची दारं उघडणारे नाना

दहावीला संस्कृत घेतलेल्यांनी शंकरशेट स्कॉलरशिपचं नाव नक्की ऐकलेलं असतं. ग्रँट रोडला उतरलं की नाना चौकही लागतो. पण हे नाना कोण असं विचारलं, तर आपल्या होस्टेलमधले निम्मे तरी गप्प बसतील!

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. घराणं व्यापारी, घरात लक्ष्मी पाणी भरत होती. १८२२ मध्ये वडील वारले आणि ऐन विशीच्या आत सगळा कारभार नानांच्या अंगावर आला. गिरगावच्या वाड्यात आरामात आयुष्य काढता आलं असतं. पण नानांनी वाड्याची दारं उघडी ठेवली.

१८४९ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या. मुलगी शिकणार म्हटल्यावर लोक नावं ठेवायचे, तो हा काळ. नानांनी शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली. रेल्वेसाठी १८४५ पासून ते जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत झटत होते. रेल्वेच्या ऑफिसलाही त्यांनी घरातच जागा दिली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटरची पहिली गाडी सुटली, तेव्हा नाना गाडीत होते.

सगळं सरळ मात्र नव्हतं. १८५७ च्या उठावात सामील असल्याचा संशय सरकारने त्यांच्यावर घेतला, पण पुरावा काही मिळाला नाही. पुढे १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळात घेतलं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयासाठी ते आणि डॉ. भाऊ दाजी लाड राबले. कोनशिला १८६२ ची, दारं उघडली १८७२ मध्ये. ते पाहायला नाना नव्हते. ३१ जुलै १८६५ ला ते गेले होते.

नाना चौकाजवळ त्यांच्या वडिलांनी बांधलेलं भवानीशंकर मंदिर आजही उभं आहे. खोताच्या वाडीत लाकडी सज्ज्यांची काही घरंही तग धरून आहेत. बाकी गिरगावात चाळी जाऊन टॉवर येतायत. चाळीतल्या माणसाला चांगलं घर मिळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण मित्रांनो, उद्या आपल्यातले सिव्हिलवाले अशाच साइटवर उभे असतील. हातोडा पडण्याआधी, या भिंतींच्या आत काय काय सुरू झालं होतं, एवढं तरी विचारूया. जमलंच तर त्यातलं थोडं वाचवूया.