पायी चालून नगर वाचणारा माणूस

तालुक्याच्या गावाबाहेर हल्ली नवी वसाहत उभी राहते ती साधारण एकाच पद्धतीने. शेत बिनशेती होते, चुन्याच्या रेघा पडतात, विजेचे खांब रोवले जातात, तोंडाशी कमान उभी राहते. दोन-तीन वर्षांत टुमदार बंगले दिसू लागतात. घरात सारे काही असते. फक्त दुधाची पिशवी, कोथिंबिरीची जुडी किंवा डोकेदुखीची गोळी हवी असली तर मोटारसायकल काढावी लागते. जिला ती चालवता येत नाही त्या आजीला आणि ज्याला ती चालवू देत नाहीत त्या नातवाला कुणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागते. आमच्या नेवाशात हे दोन्ही नमुने आहेत. प्रवरेकाठच्या जुन्या गावात, मोहिनीराजाच्या देवळाच्या आसपास, किराणा, पिठाची गिरणी, शिंपी सारे हाकेच्या अंतरावर. आणि महामार्गावरच्या फाट्याकडे जे नवे प्लॉट पडत आहेत तिथे चालत जायचे तरी कुठे, हा प्रश्न.

हा विषय निघाला की मला एका दाढीवाल्या स्कॉटिश प्राध्यापकाची आठवण होते. सर पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव. जगभरच्या नगररचनाकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, उतारवयातली जवळजवळ दहा वर्षे त्यांनी हिंदुस्थानात काढली आणि त्यातली निम्मी मुंबईत.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावी झाला. वडील सैन्यातले. बालपण पर्थ शहराजवळच्या टेकडीवर, बागेत आणि रानात गेले. पुढे लंडनला थॉमस हक्सले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत बसून काढलेल्या त्या आठवड्यांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे झेपणारे नव्हते. वनस्पतीचा अभ्यास तिची माती, पाणी, हवा सोडून करता येत नाही, तसा माणसाचा अभ्यास त्याचे गाव सोडून करता येत नाही, असे मानणारा हा शास्त्रज्ञ हळूहळू शहरांकडे वळला.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हाच्या एडिंबरोची स्थिती आपल्याला ओळखीची वाटेल. अठराव्या शतकात तिथे आखीव, रुंद रस्त्यांचे नवे शहर वसवले गेले होते. ऐपतदार मंडळी तिकडे राहायला गेली आणि जुन्या शहराच्या उंच, अंधाऱ्या चाळींत गरीब उरले. गेडिस दांपत्य उलट दिशेने निघाले. त्यांनी जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट येथे बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना लावला, घाण उपसली, मोकळ्या तुकड्यांत बागा केल्या. मोडकळीला आलेली तेवढीच इमारत पाडायची, बाकीच्या दुरुस्त करायच्या आणि माणसांना जागेवरून उठवायचे नाही, ही त्यांची रीत तिथेच ठरली. पुढे १८८८ पासून तीसेक वर्षे ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पण शिकवण्याचे काम वर्षातले थोडेच महिने असल्यामुळे उरलेला सगळा वेळ शहरांसाठी मोकळा राही.

१९१४ साली, साठीला आलेले असताना, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. शहरांचे नकाशे आणि चित्रे यांचे त्यांचे प्रदर्शन दुसऱ्या बोटीतून येत होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. आयुष्यभराचा संग्रह समुद्रात गेला. पण मित्रांनी नवे साहित्य गोळा करून पाठवले आणि काही महिन्यांत मद्रासला प्रदर्शन भरले.

मग त्यांची गावोगावची पायपीट सुरू झाली. तंजावर, मदुरा, लखनौ, बडोदे, इंदूर. कुठल्याही गावात गेले की आधी कचेरीत बसून आराखडा काढायचा नाही. हातात नकाशा घेऊन गल्ल्यांतून दिवसेंदिवस चालायचे. कुठे विहीर आहे, कुठे पार आहे, बायका पाण्याला कुठून जातात, बाजार कुठे भरतो, हे सगळे टिपून घ्यायचे. त्या काळच्या इंजिनिअरांचा ओढा सरळ रुंद रस्त्यांकडे असे. मग वाटेत दोनशे घरे आली तरी चालतील. गेडिस यांनी याला कडाडून विरोध केला. वस्तीतल्या अरुंद गल्लीला सावली असते, तिथे मुले खेळू शकतात. रुंद रस्त्यावर धूळ आणि ऊन, शिवाय खर्च. गल्लीत एखादे पडके घर असेल तर तेवढे काढून छोटा चौक करावा, एक झाड लावावे, असा त्यांचा सल्ला असे. या रीतीला त्यांनी शस्त्रक्रियेचे नाव दिले होते, पण ती जपून करायची, रोग्याला वाचवणारी शस्त्रक्रिया.

१९१७ साल त्यांच्यावर फार कठीण आले. थोरला मुलगा अलॅस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्या वेळी ॲना हिंदुस्थानात आजारी होत्या. मुलगा गेल्याचे गेडिस यांनी त्यांना कळू दिले नाही. काही आठवड्यांत त्याही गेल्या. ही दोन दुःखे पोटात घालून ते कामाला लागले, आणि त्याच सुमारास होळकरांच्या इंदुरातला त्यांचा प्रसिद्ध प्रयोग घडला.

शहर प्लेगने हैराण होते. गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवसापुरता राजाचा मान मागून घेतला आणि जाहीर केले की, दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील आणि जिथली घरे नीट दुरुस्त झालेली असतील तिथूनच ती जाईल. मग काय, गल्लीगल्लीत चढाओढ लागली. गाड्यांच्या गाड्या कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत झाडूवाल्यांना स्वच्छ कपडे घालून मानाने चालवले गेले, प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा काढली गेली. हुकमाने जे झाले नसते ते लोकांच्या पायाखालचा रस्ता हा मानाचा विषय केल्याने झाले.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेले ते त्यांच्याच शिफारशीने; नंतर तोच विभाग घुर्ये यांनी नावारूपाला आणला. १९२४ साली प्रकृतीमुळे गेडिस मुंबई सोडून दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए येथे गेले.

आपल्या नव्या वसाहतींना खरा धडा मात्र त्यांच्या पुढच्या कामात आहे. १९२५ साली तेल अवीव या नव्या वाढत्या शहराचा आराखडा त्यांच्याकडे आला. इथे जुनी गल्ली नव्हती, कोरी जमीन होती. त्यांनी मोठे चौकोन आखले. चौकोनाच्या कडेने मुख्य रस्ते आणि त्यांवर दुकाने. आत मात्र अरुंद वाटा, लहान घरे आणि मधोमध सार्वजनिक बाग. वाहने कडेने जातील, माणसे आत चालतील आणि दुकान घरापासून दूर राहणार नाही, अशी ती मांडणी. सगळे काही त्यांच्या मनाप्रमाणे झाले नाही, पण शहराच्या त्या भागात ती घडी आजही ओळखू येते. १९३२च्या प्रारंभी त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

मी बँकेत असताना घरकर्जाची पुष्कळ प्रकरणे हाताखालून गेली. सात-बारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, मूल्यांकन, सगळ्याला रकाना असे. किराणा दुकान किती पावलांवर आहे, याला कुठल्याच फॉर्मवर रकाना नव्हता. दुकानदारांची खातीही मी पाहिली आहेत. कोपऱ्यावरचे दुकान चालायला रोज येणारी घरे लागतात. निम्मे प्लॉट गुंतवणूक म्हणून रिकामे पडलेल्या वसाहतीत कोणी धाडसाने दुकान टाकले, तरी ते वर्षभरात बंद पडते. म्हणून नुसती दुकानाची जागा राखून भागत नाही. घरे जवळजवळ हवीत, राहती हवीत आणि दुकानापर्यंतची वाट चालण्याजोगी हवी.

हे आपल्याला जमत नाही असे मुळीच नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत सेक्टरच्या आराखड्यातच रोजच्या दुकानांना जागा ठेवल्या. आपल्याकडेही मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडण्याचा नियम आहे. ती जागा कुठल्या तरी कोपऱ्यातल्या निरुपयोगी तुकड्यात ढकलण्याऐवजी वसाहतीच्या मध्यावर ठेवली, तिच्या समोरचे चार-पाच लहान गाळे दुकानांना दिले आणि रस्त्याच्या एका बाजूला सलग झाडे लावली, तर त्याला फार पैसा लागत नाही.

प्लॉट घ्यायला निघालेल्या कुटुंबाने एवढे अवश्य करावे: एजंटाच्या गाडीतून न जाता एखाद्या दुपारी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन तिथे पायी फिरावे. त्यांना किती अंतरावर सावली मिळाली, कुठे टेकायला जागा मिळाली आणि चहापत्तीचा पुडा कुठे मिळाला, हे पाहावे आणि मगच इसाराची रक्कम द्यावी.