ताळेबंदात न दिसणारा तोटा

कारखान्याच्या जमाखर्चात लोखंड, कोळसा आणि पगार यांचा हिशेब पै-पैने नोंदलेला असतो. हाताशी तयार झालेला माणूस काम सोडून गेला, तर त्या तोट्यासाठी मात्र कोणत्याही वहीत रकाना नसतो. हा अलिखित तोटा केवढा असतो, हे हेन्री फोर्ड यांनी अनुभवाने जाणले होते. पुढे त्याच धड्याचा त्यांना विसर पडला आणि त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली.

फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील डेट्रॉईटजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीत मन न रमलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी शहरात जाऊन यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला. १९०३ साली त्यांनी कंपनी स्थापन केली आणि १९०८ साली सामान्य माणसाला परवडेल अशी ‘मॉडेल टी’ मोटार बाजारात आणली. १९१३ साली हायलंड पार्क येथील कारखान्यात त्यांनी जुळणीची सरकती साखळी सुरू केली. ज्या सांगाड्याच्या जुळणीस साडेबारा तास लागत, तिला काही महिन्यांतच सुमारे दीड तास पुरू लागला.

यंत्र जिंकले; माणूस मात्र टिकेना. दिवसभर एकच हालचाल करण्याचा कंटाळा आणि साखळीच्या गतीचा जाच सहन न होऊन कामगार निघून जात. त्या एका वर्षात सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी कंपनीला ५२ हजारांहून अधिक माणसे नेमावी लागली. काम इतके सोपे केले होते, की नवा माणूस थोड्या वेळात तयार होई; त्यामुळे ही ये-जा स्वस्त वाटे. वस्तुतः प्रत्येक नव्या नेमणुकीत फोरमनचा वेळ जाई, माल बिघडे आणि नवख्या हातापाशी सारी साखळी अडखळे. हा सारा खर्च निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला असल्याने त्याचा एकत्रित आकडा कोणाच्याच समोर येत नसे.

५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीने घोषणा केली : दिवसाचे काम नऊ तासांऐवजी आठ तास आणि रोज पाच डॉलर. पूर्वीच्या वेतनाच्या हे दुपटीहून अधिक होते. भोवतालचे उद्योगपती अवाक् झाले. यामागे निव्वळ औदार्य नव्हते. कामगार संघटनांची धास्ती होती, वाढीव रक्कम नफ्यातील वाटा म्हणून दिली जाई, आणि तो वाटा सहा महिने टिकलेल्या व घरगुती राहणीच्या तपासणीत उतरलेल्या कामगारालाच मिळे. तरीही परिणाम विलक्षण झाला. वर्षाला सुमारे ३७० टक्के असलेले गळतीचे प्रमाण १९१५ साली १६ टक्क्यांवर आले. मोटारीची किंमत उतरत गेली आणि नफा वाढत गेला. पगारवाढीने खर्चच कमी झाला, असा निष्कर्ष फोर्ड यांनी स्वतः पुढे आत्मचरित्रात नोंदवला.

पण साखळीवरच्या कामगाराबाबत जे उमगले, ते निकटच्या सहकाऱ्यांबाबत उमगले नाही. कंपनीचा व्यवहार सांभाळणारे जेम्स कूझन्स १९१५ साली बाहेर पडले. उत्पादनाची घडी बसवण्यात मोठा वाटा असलेले विल्यम क्नुडसेन यांनी १९२१ साली कंपनी सोडली. लवकरच ते जनरल मोटर्समध्ये गेले आणि शेव्हरोले मोटारीची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२७ साली जुने मॉडेल बंद करून नवे आणण्यासाठी फोर्ड यांना कारखाने कित्येक महिने थांबवावे लागले आणि त्याच वर्षी विक्रीत शेव्हरोलेने त्यांना मागे टाकले. याला ‘मॉडेल टी’विषयीचा त्यांचा हट्ट कारण होताच, पण त्या हट्टाला विरोध करू शकणारी माणसे एकेक करून दुरावली होती, हेही तितकेच खरे. कामगारांशी जडलेले नातेही विटले. १९३७ साली कंपनीच्या पहारेकऱ्यांनी संघटनेच्या कार्यकर्त्यांना मारहाण केली, आणि १९४१ साली संपानंतर फोर्ड यांना अखेर संघटनेशी करार करावा लागला. ७ एप्रिल १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

माणूस जातो तेव्हा एक जागा रिकामी होते, एवढेच व्यवस्थापनाला दिसते. त्याच्यासोबत वर्षानुवर्षांची जाण जाते आणि पुष्कळदा ती प्रतिस्पर्ध्याच्या दारी पोहोचते. पाच डॉलरांनी कामगारांचे हात टिकले. स्पष्ट बोलणारी माणसे टिकवण्यासाठी ऐकून घेण्याची तयारी लागते. फोर्ड यांच्यापाशी उत्तरायुष्यात तीच उरली नव्हती.