सँडोचे डंबेल्स सोडून सूर्यनमस्कार धरणारा औंधचा राजा, आणि म्हातारपणातली हाडं

करकंबहून पंढरपूर ओलांडून पश्चिमेला निघालं की माणदेशातलं आटपाडी लागतं. आज सांगली जिल्ह्यात असलेलं हे गाव एकेकाळी औंध संस्थानात होतं आणि तिथले राजे होते भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रकार, कीर्तनकार, औंधचं श्री भवानी संग्रहालय उभारणारे. पण घराघरात त्यांचं नाव पोहोचलं ते सूर्यनमस्कारांमुळे.

गंमत म्हणजे त्यांच्या व्यायामाची सुरुवात विलायती होती.

जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. तिशीच्या आसपास त्यांच्यावर युजीन सँडोची मोहिनी पडली. सँडो म्हणजे त्या काळातला जगातला सगळ्यात गाजलेला शरीरसौष्ठवपटू. भवानरावांनी त्याची पुस्तकं आणि साहित्य मागवलं आणि जवळपास दहा वर्षं नेमाने त्या पद्धतीचा व्यायाम केला. आजच्या भाषेत सांगायचं तर हे रेझिस्टन्स ट्रेनिंगच.

पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९०९ मध्ये गादीवर आल्यावर तर त्यांनी ते व्रतच केलं. स्वतः घालायचे, राणीसाहेब घालायच्या, मुलं घालायची. संस्थानातल्या शाळांमध्ये मुलामुलींना नमस्कार सक्तीचे झाले. १९२८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, १९३८ मध्ये थेट लंडनहून दुसरं. तेव्हा राजेसाहेब सत्तरीचे होते आणि नमस्कार चालूच होते.

आता मुद्दा हाडांचा. हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे, ते जिवंत असतं. त्यावर ताण आला की आतल्या पेशींना तो कळतो आणि तिथे नवं हाड भरलं जातं. ताण थांबला की झीज वाढते. बायकांमध्ये पाळी गेल्यावर ही झीज आणखी वेगाने होते. नमस्कारात दोन्ही तळव्यांवर शरीराचा बराचसा भार येतो. म्हातारपणी पडल्यावर मनगट हमखास मोडतं, आणि नुसत्या चालण्याने मनगटाला काहीच काम मिळत नाही. त्या दृष्टीने राजेसाहेबांचा व्यायाम चांगलाच होता.

पण एक अडचण आहे. हाडाला संख्येपेक्षा वजन जास्त कळतं. शंभराचे दोनशे नमस्कार केले तरी प्रत्येक वेळी भार तेवढाच. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायकांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जड वजन उचलायचं. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. म्हणजे चाळिशीच्या आसपास बाजूला ठेवलेले ते डंबेल्स राजेसाहेबांनी साठीनंतर पुन्हा हातात घ्यायला हवे होते, असं आज म्हणावं लागतं.

दुसरी गोष्ट घरातल्या आजी-आजोबांसाठी जास्त महत्त्वाची. ज्यांची हाडं आधीच ठिसूळ झाली आहेत त्यांनी कंबरेतून खोल वाकलं तर मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकतं. आणि नमस्कारात हे वाकणं दोनदा येतं. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ बघून पंच्याहत्तरीच्या आजींना थेट बारा नमस्कारांना उभं करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. खुर्चीतून हात न टेकवता उठणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, मग हळूहळू वजन, अशीही सुरुवात करता येते.

राजेसाहेबांचे काही दावे अति होते, हेही खरं. नमस्काराने जवळपास सगळेच रोग जातात, असा त्यांचा सूर असायचा. पण वय झालं म्हणून व्यायाम सोडायचा नसतो, ही गोष्ट त्यांनी स्वतः करून दाखवली, तीही म्हातारपण म्हणजे खाट आणि जपमाळ असं समजण्याच्या काळात.

१९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी भवानराव गेले. त्यांची हाडं किती मजबूत होती, हे कुणी मोजलेलं नाही. हाडांची घनता मोजणारं डेक्सा मशीन दवाखान्यांत यायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती.