संगीतकार सी. रामचंद्र – मराठी निबंध

विद्यार्थी मित्रांनो, दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार रंगते. पण वर्गात दंडारीतलं गाणं म्हणायला सांगितलं की काही मुलं लाजतात. तीच मुलं डीजेवरचं गाणं मात्र मोठ्यानं म्हणतात. अशा वेळी मला एका संगीतकाराची आठवण येते. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबा येथे झाला. त्यांचं गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण कुठे झालं माहीत आहे का? आपल्या भंडाऱ्याजवळच्या नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे! पुढे पुण्यात ते विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शिकले.

त्यांना व्हायचं होतं नट. १९३५ च्या 'नागानंद' चित्रपटात ते नायकही झाले, पण चित्रपट चालला नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोट्या भूमिका करायच्या आणि संगीतकारांना पेटीची साथ द्यायची, असे दिवस आले. ही साथच त्यांची खरी शाळा ठरली. आधी तमिळ चित्रपटांना आणि १९४२ मध्ये भगवानदादांच्या 'सुखी जीवन'ला त्यांनी संगीत दिलं.

पुढे तर कमालच झाली. 'शहनाई' (१९४७) मध्ये त्यांनी गिटार, माउथ ऑर्गन आणि चक्क शिट्टी वापरली. 'अलबेला' (१९५१) च्या गाण्यांवर अख्खा देश नाचला. पडद्यावर भगवानदादा नाचायचे आणि मागे आवाज असायचा रामचंद्रांचा. गायक म्हणून ते फक्त 'चितळकर' हे नाव लावत. तर 'अनारकली' (१९५३) मध्ये याच माणसानं अगदी हळुवार, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या चाली दिल्या.

पण मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. १९५८ च्या सुमारास लता मंगेशकर आणि त्यांच्यात दुरावा आला. १९५९ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'नं पुन्हा यश दिलं, पण त्यानंतर हिंदीतलं काम कमी कमी होत गेलं. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी चीन युद्धातील शहिदांसाठीचं गीत गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे आणि चाल सी. रामचंद्र यांची. ते गीत अमर झालं, तरी हिंदी चित्रपटांतले जुने दिवस काही परत आले नाहीत.

आता विचार करा, एवढं नाव मिळवलेला माणूस अशा वेळी काय करेल? रुसून घरी बसेल? रामचंद्र बसले नाहीत. ते आपल्या मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे मराठी चित्रपट त्यांनी स्वतः काढले, त्यांत काम केलं आणि संगीतही दिलं. 'घरकुल'मध्ये त्यांनी आपल्या विदर्भाचे कवी सुरेश भट यांचे शब्द आशा भोसले यांच्या आवाजात घरोघरी पोहोचवले.

ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी चाली लावल्या. गोकुळ, गाईगुरं, गवळणी आणि यमुनाकाठ, असा हा सगळा गावाकडचा विषय. गिटार आणि सॅक्सोफोनवर देशाला नाचवणारा माणूस आता साध्या मराठी गोडव्यानं कृष्णाची गाणी स्वतःच्या गळ्यानं गाऊ लागला. काहींना वाटलं असेल, मोठ्या बाजारातून छोट्या अंगणात आले. पण मला वाटतं, अंगणातलं गाणं त्यांनी कधी छोटं मानलंच नाही, म्हणून त्यांना परत येताना लाज वाटली नाही.

५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, डीजेचं गाणं जरूर ऐका. रामचंद्रांनीही परदेशी वाद्यं आनंदानं आपलीशी केली होती. पण आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एक जुनं गाणं विचारा, वहीत लिहून आणा आणि उद्या वर्गात म्हणा. मोठ्यानं, न लाजता!