विश्लेषण : रेडिओच्या खरखरीतून आकाशगंगेचा नकाशा काढणारे हॅम, ग्रोट रेबर कोण होते?

हॅम रेडिओ चालवणाऱ्यांचा कायमचा शत्रू म्हणजे खरखर. हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॅमचा क्षीण आवाज या खरखरीतून वेगळा काढणे, हीच या छंदाची खरी कसोटी. अमेरिकेतील ग्रोट रेबर यांनी मात्र आवाज सोडून दिला आणि खरखरच ऐकायला घेतली. तेही नोकरी सांभाळून आणि पदरचे पैसे घालून. जवळपास दहा वर्षे हे काम नेटाने करणारे ते जगात एकटेच होते.

साठ देश झाले, पुढे काय?

रेबर यांचा जन्म २२ डिसेंबर १९११ रोजी शिकागोत झाला. ते वाढले जवळच्याच व्हीटन या गावात. आई हॅरिएट शिक्षिका होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांपैकी एक पुढे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल म्हणून प्रसिद्ध झाला. रेबर यांनी शाळकरी वयातच रेडिओ संच तयार केला. डब्ल्यू-९-जीएफझेड ही त्यांची कॉलसाइन.

दूरच्या संपर्काला हॅम मंडळी ‘डीएक्स’ म्हणतात. वातावरणाच्या वरच्या भागात आयनोस्फिअर हा विद्युतभारित थर असतो. ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरी त्यावर आपटून पुन्हा जमिनीकडे येतात आणि क्षितिजापलीकडे पोहोचतात. रात्री मीडियम वेव्हवर लांबची आकाशवाणी केंद्रे लागतात, त्यामागेही हाच थर असतो. त्याच्या जोरावर रेबर यांनी ६० हून अधिक देशांशी आणि सर्व खंडांशी संपर्क साधला. मग मात्र कंटाळा आला. पृथ्वीवर गाठण्यासारखे त्यांच्या दृष्टीने फारसे उरले नव्हते.

त्याच सुमारास बेल लॅब्जमधील अभियंते कार्ल जान्स्की यांचे शोधनिबंध त्यांच्या वाचनात आले. अटलांटिकपार रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे शोधण्याचे काम जान्स्की यांच्याकडे होते. २०.५ मेगाहर्ट्झवर त्यांना एक मंद ‘हिस्स’ सापडली. ती दर २३ तास ५६ मिनिटांनी परत येत असे. सूर्याच्या हिशेबाने दिवस २४ तासांचा असतो, ताऱ्यांच्या हिशेबाने चार मिनिटांनी कमी. म्हणजे ही खरखर पृथ्वीवरची नव्हती, सूर्याचीही नव्हती. ती आकाशगंगेच्या केंद्राच्या बाजूने येत होती. जान्स्की यांनी १९३३ मध्ये हे जाहीर केले. पुढे कंपनीने त्यांना दुसऱ्या कामाला लावले.

रेबर यांनी बेल लॅब्जमध्ये नोकरी मिळते का ते पाहिले. पण काळ महामंदीचा होता, जागा नव्हती. खगोलशास्त्रज्ञांना रेडिओ कळत नव्हता आणि रेडिओ अभियंत्यांना ताऱ्यांशी देणेघेणे नव्हते. त्यामुळे हा शोध तसाच पडून होता.

घराशेजारची थाळी

१९३७ च्या उन्हाळ्यात रेबर यांनी आईच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची थाळी उभी केली. सांगाडा लाकडी, वर जस्ती पत्रा, हलवण्यासाठी फोर्डच्या जुन्या मॉडेल टी ट्रकचे भाग. आज छतोछती दिसणाऱ्या डिश अँटेनाचाच हा आकार, पण आकाश न्याहाळण्यासाठी तो तोवर कोणी वापरला नव्हता. पाऊस पडला की थाळीच्या मधल्या भोकातून पाण्याची धार लागायची. हे यंत्र पाणी साठवण्यासाठी किंवा हवामान ताब्यात ठेवण्यासाठी आहे, अशी अफवा गावात होती. आईने त्याचा सोपा उपयोग शोधला. त्या सांगाड्यावर ओले कपडे वाळत घालायचे!

पहिला प्रयत्न ३,३०० मेगाहर्ट्झवर झाला. आकाशातील लहरी उष्णतेतून निघत असतील, तर जितकी उच्च फ्रिक्वेन्सी तितका संकेत जोरदार, असा हिशेब होता. काहीच ऐकू आले नाही. नवा रिसीव्हर बांधून ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास पुन्हा प्रयत्न केला, तिथेही शांतता. खिशातले पैसे संपत असताना दुसऱ्या कोणी थाळी भंगारात काढली असती. रेबर यांनी मात्र त्या शांततेचाच अर्थ लावला. या लहरी उष्णतेतून येत नसाव्यात. ते आणखी खाली, १६० मेगाहर्ट्झवर उतरले आणि आकाशगंगा ‘ऐकू’ आली.

दिवसा रस्त्यावरच्या मोटारींच्या स्पार्क प्लगमुळे रिसीव्हरमध्ये गोंधळ उडायचा. म्हणून वेळापत्रक ठरले : दिवसा शिकागोत नोकरी, संध्याकाळी जेवून झोप आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत निरीक्षण. सुरुवातीला मीटरवरचा आकडा दर मिनिटाला हाताने लिहून घ्यावा लागे.

‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे त्यांचा निबंध गेला, तेव्हा हा गृहस्थ कोण, हेच तिथे कोणाला ठाऊक नव्हते. खगोलशास्त्रज्ञ व्हीटनला येऊन यंत्र पाहून गेले आणि १९४० मध्ये निबंध छापला गेला. १९४४ मध्ये रेडिओ आकाशाचा नकाशा प्रसिद्ध झाला. धनू, हंस आणि शर्मिष्ठा या भागांत त्यात ठळक उंचवटे दिसत होते. प्रचंड वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना अशा लहरी सोडतात, हे स्पष्टीकरण पुढे १९५० च्या दशकात रुजले.

सगळे वर, रेबर खाली

महायुद्धानंतर रडारवरचे अभियंते या क्षेत्रात आले. मोठमोठ्या थाळ्या उभ्या राहिल्या आणि फ्रिक्वेन्सी वाढत गेली. रेबर उलट दिशेने निघाले. १९५४ मध्ये ते ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर गेले आणि तिथलेच झाले.

त्यांना आता सुमारे २ मेगाहर्ट्झवर आकाश ऐकायचे होते. हॅमच्या १६० मीटर बँडला अगदी खेटून असलेली ही जागा. अडचण होती ती आयनोस्फिअरची. जो थर हॅमची लहर दूरदेशी पोहोचवतो, तोच अवकाशातून येणारी लहर बाहेरच्या बाहेर परतवतो. थर कधी घट्ट असतो आणि कधी विरळ, हे डीएक्स करणाऱ्याला पाठ असते. रेबर यांनी तेच ज्ञान उलटे वापरले. टास्मानियात हिवाळ्याच्या रात्री लांब असतात. सूर्यावरचे डाग कमी असलेल्या वर्षांत तिथे हा थर इतका विरळ होतो, की २ मेगाहर्ट्झचीही लहर आत झिरपते.

१९६० च्या दशकात बॉथवेल गावाजवळच्या मेंढ्यांच्या कुरणात त्यांनी खांबांवर १९२ डायपोल अँटेना ताणल्या. पसारा सुमारे एक किलोमीटरचा. १४४ मीटर तरंगलांबीवर त्यांना आकाश चक्क उलटे दिसले. आकाशगंगेचा पट्टा अंधारा आणि तिच्यापासून दूरचा भाग उजळ! पट्ट्यातील आयनीभूत हायड्रोजन वायू या लहरी गिळून टाकतो.

बिग बँग सिद्धांत रेबर यांना कधीच पटला नाही. त्याविरोधात ते लिहीत राहिले. त्यांचे हे म्हणणे विज्ञानाने स्वीकारले नाही आणि पुरावे पाहता ते योग्यच झाले. मधल्या काळात घेवड्याच्या वेलींचा पीळ उलटा फिरवला तर काय होते, याचेही प्रयोग त्यांनी केले.

पुण्याशी धागा

रेबर यांचे २० डिसेंबर २००२ रोजी टास्मानियात निधन झाले. ९१ वा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्यांच्या नावाचे ग्रोट रेबर पदक २००७ मध्ये प्रा. गोविंद स्वरूप यांना मिळाले. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे उभी असलेली जीएमआरटी ही दुर्बीण प्रा. स्वरूप यांच्याच पुढाकारातून साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० थाळ्या ज्या फ्रिक्वेन्सींवर काम करतात, त्यांत व्हीटनच्या त्या थाळीला पहिले यश मिळाले तो १६० मेगाहर्ट्झचा पट्टाही येतो. रेबर यांची मूळ थाळी आता अमेरिकेतील ग्रीन बँक वेधशाळेत जपून ठेवली आहे.